बाईंचं ऑर्किड आणि मऊ पाणी

कडकराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागेल, कारण ती त्याला ‘अहो’ म्हणते आणि बाकी सगळी गल्ली कडकराव म्हणते. त्याच्या हातची खळ लावलेली कॉलर अशी ताठ उभी राहते की शर्ट घालणाऱ्याला मान वर करूनच चालावं लागतं, म्हणून हे नाव पडलं. स्वभावानं मात्र गडी लोण्याहून मऊ. गिऱ्हाईक ओरडलं तर हा ऐकून घेणार, आणि गिऱ्हाईकच चुकलं असलं तरी हाच ‘राहू द्या हो’ म्हणणार. बायकोच्या मते त्यानं खळ कपड्यांना थोडी कमी आणि स्वतःच्या कण्याला थोडी जास्त लावायला हवी होती.

त्याची लॉन्ड्री चौकापासून तिसरी. पुढे काउंटर, मागे कपडे धुण्याची दोन यंत्रं, डाव्या भिंतीला लांबलचक टेबल, टेबलावर जाड कांबळं आणि त्यावर पांढरी चादर. वर छताला आडव्या दांड्या आणि दांड्यांवर हँगरला टांगलेले लोकांचे शर्ट. कोपऱ्यात माणसाच्या छातीएवढी उंच निळी टाकी, ती म्हणजे पाणी मऊ करायचं यंत्र. तिथल्या नळाचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, पांढरा कपडा चार धुण्यांत पिवळा पडतो, टॉवेल अंगाला खरवडतो. त्या टाकीत महिन्यातून दोनदा मीठ ओतायचं, की नळाचं जड पाणी तिच्यातून मऊ होऊन बाहेर येतं. कसं होतं ते कडकरावाला विचारू नका, त्याला ते ठाऊक नाही. पण दुकानात नवीन माणूस आलं की पहिली दहा मिनिटं त्याला या पाण्याची थोरवी ऐकून घ्यावीच लागते, कपड्यांचं बोलणं मग.

ही टाकी, हे टेबल, ही लॉन्ड्री, आणि खरं सांगायचं तर खुद्द कडकराव, हे सगळं बाईंनी उभं केलेलं. बाई म्हणजे लॉन्ड्रीच्या मूळ मालकीणबाई. हा त्यांच्याकडे आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यातून त्याला नुकतंच काढून टाकलं होतं. गुन्हा काय, तर शंभर चादरींत कुणाचा तरी एक लाल मोजा गेला आणि शंभरच्या शंभर चादरी गुलाबी निघाल्या. मोजा याचा नव्हता. पण बोट दाखवायला कुणीतरी लागतं, आणि हा समोरच उभा होता. तीन लॉन्ड्र्यांनी दारातूनच वाटेला लावल्यावर तो बाईंच्या दारात आला आणि गुलाबी चादरींची हकिगत त्यानं आपणहून सांगून टाकली.

"त्या परत पांढऱ्या कशा करतात, ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग उद्यापासून शिकायला ये." झाली मुलाखत.

शिकवायची बाईंची तऱ्हा न्यारी होती. व्याख्यान नाही, आरडाओरडा नाही. इस्त्रीला घ्यायचा कपडा नेमका किती दमट हवा, यात या धंद्याचं निम्मं मर्म आहे. फार ओला असला तर इस्त्री फरफटते, सुकून गेला असला तर सुरकुती जन्मभर जात नाही. बाई कपड्याचं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि दोनच शब्दांतला एक बोलायच्या, ‘थांब’ नाहीतर ‘घे’. कडकराव आपला अंदाज आधी मनात धरायचा आणि मग बाईंकडे बघायचा. अकरा महिने तो चुकत राहिला. बाराव्या महिन्यात त्याचं आणि बाईंचं जुळायला लागलं, तेव्हा बाईंनी कपडा चिमटीत धरून बघणंच सोडून दिलं.

आणि मग ती शाल. पहिल्याच वर्षाच्या शेवटी एका गिऱ्हाइकाची रेशमी शाल त्यानं जाळली. शाल तिच्या आईची, आई वारलेली. कडकराव इस्त्री टेकवून कुणाशी तरी दोन शब्द बोलला, तेवढ्यात काठावर पानाएवढा तपकिरी डाग उमटला. इथूनही आपली उचलबांगडी झाली, असं समजून तो अंगातला एप्रन सोडायलाच लागला होता. गिऱ्हाईक शाल न्यायला आलं तेव्हा बाई काउंटरवर गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हातून जळली." गिऱ्हाईक तोंडाला येईल ते बोललं. अर्धा तास बाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. ती गेल्यावर आत येऊन त्याला एवढंच म्हणाल्या, "कापडाला तोंड नसतं. म्हणून आधी त्याला विचारायचं आणि मग इस्त्री टेकवायची. एप्रन बांध."

त्या दिवशी तो धुण्याच्या यंत्राआड उभा राहून लहान पोरासारखा रडला. पण आभार काही मानले नाहीत. घरच्या माणसाचे आभार मानले तर ते परकं होतं, अशी आपली एक समजूत असते ना, तसलंच काहीतरी. वर्षं गेली. त्याचं लग्न झालं, बाई थकल्या, एके दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातावर ठेवला आणि "आता तू बघ" म्हणून घरी गेल्या. तेव्हाही याच्या तोंडून शब्द फुटला नाही. खिशात विसरलेल्या कागदाचा धुण्यात जसा कडक गोळा होऊन बसतो, तसे ते आभार त्याच्या आत कुठेतरी बसून राहिले होते.

अशा या बाईंनी अठ्ठावीस वर्षांत त्याच्याकडे स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, त्यासाठी त्या लांब राहणाऱ्या मुलीकडे निघाल्या. जाताना त्यांनी खिडकीतलं ऑर्किड त्याच्या हातात दिलं. जांभळ्या फुलांचं, नऊ वर्षांचं झाड. फुलं नुकतीच गळून गेली होती. सात जाडजूड हिरवी पानं होती, आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या पानाच्या टोकाला करपल्याचा एक डाग होता. खूप वर्षांपूर्वी बाईंनीच एकदा घरी गरम इस्त्री त्याच्या फार जवळ ठेवली होती.

"मला यायला सात-आठ महिने लागतील," बाई म्हणाल्या. "एवढं सांभाळ. आठवड्यातून एकदा पाणी, बस. जास्त लाड करू नकोस."

आता लाड करू नकोस असं सांगून कुणी थांबलंय का कधी? कडकरावानं झाड दुकानात आणलं. कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसाला गोल केला. आणि पाणी कुठलं द्यायचं हा प्रश्न तर त्याला पडलाच नाही. जे नळाचं जड पाणी तो गिऱ्हाइकाच्या पायमोज्यालासुद्धा लावत नाही, ते बाईंच्या झाडाला? छे. त्यानं निळ्या टाकीखाली लोटा धरला आणि आपल्याकडचं सगळ्यात उंची पाणी झाडाला पाजलं. दर आठवड्याला, न चुकता, मोठ्या प्रेमानं.

दोन महिन्यांत पानांची चकाकी गेली. चौथ्या महिन्यात पानांवर उभ्या सुरकुत्या पडल्या. आणि सुरकुती म्हटल्यावर इस्त्रीवाल्या माणसाला एकच सुचतं, पाणी कमी पडलं. त्यानं आठवड्यातून दोनदा मऊ पाणी द्यायला सुरुवात केली. पाचव्या महिन्यात तीन पानं पिवळी पडून गळाली आणि उरलेली चार दोरीवर वाळत टाकलेल्या मोज्यांसारखी लोंबायला लागली.

दर पंधरा दिवसांनी बाईंचा फोन यायचा. गुडघा कसा आहे ते दोन वाक्यांत सांगून झालं की विचारायच्या, "झाड काय म्हणतंय?"

"मजेत आहे," कडकराव म्हणायचा. त्या माणसानं आयुष्यात गिऱ्हाइकाला ‘कपडे उद्या नक्की’ यापलीकडे खोटं सांगितलेलं नव्हतं. फोन ठेवला की त्याला जेवण जायचं नाही.

बायको व्यवहारी. तिनं चार दिवस नवऱ्याचं सुतकी तोंड बघितलं आणि पाचव्या दिवशी निकाल दिला. "अहो, तसलंच दुसरं आणा. बाईंना हल्ली दिसतंय कुठे? परवाच फोन उलटा धरून बोलत होत्या म्हणे. जांभळं ते जांभळं. त्यांचा जीव दुखवण्यापेक्षा हे बरं."

कडकरावाला ते पटलं नाही, पण ‘आणतो’ म्हणून तो मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान तासभर बंद ठेवून तो पेट्रोल पंपामागच्या नर्सरीत गेला. हिरव्या जाळीखाली एक बाई रबरी हातमोजे घालून कुंड्या भरत होती. चष्मा कपाळावर आणि बोलणं फटकळ. झाडांशी जेवढं गोड बोलायची, तेवढंच माणसांशी तिखट.

"जांभळं ऑर्किड द्या," कडकराव म्हणाला. "आत्ता फुलं नसलेलं."

"फुलं नसलेलं मागणारे तुम्ही पहिलेच. जुन्याचं काय केलंत?"

याला घाम फुटला. "तुम्हाला कसं कळलं?"

"लोक ऑर्किड फुलं बघून घेतात. बिनफुलाचं घेतो तो चोरी झाकायलाच घेतो. मेलं का?"

"चार पानं आहेत. हिरवी आहेत, पण लोंबतायत."

"मग मेलेलं नाही. उद्या घेऊन या. पेशंट बघितल्याशिवाय मी दुसरं देत नाही, नाहीतर तेही माराल."

दुसऱ्या दिवशी सकाळी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून त्यानं पेशंट आणला. नर्सरीवालीनं चष्मा नाकावर घेतला. कुंडीच्या काठावर आणि सालीच्या तुकड्यांवर पांढरी खपली धरली होती. ही झाडं मातीत लावत नाहीत, सालीच्या तुकड्यांत लावतात, हे कडकरावाला तेव्हाच कळलं. तोवर तो त्याला कचरा समजत होता.

"हे पांढरं काय?"

"साबण असेल," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यात पांढरं म्हणजे साबणच.

"जरा जिभेला लावून बघा."

त्यानं लावलं. खारट लागलं.

"पाणी कुठलं देता?"

हा प्रश्न ऐकल्याबरोबर कडकरावाची कळी खुलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला येणारा प्रश्न विचारला होता. त्यानं निळ्या टाकीची सगळी कथा सांगितली, मीठ कसं ओततात, जड पाणी मऊ कसं होतं, टॉवेल कसे फुलतात. नर्सरीवाली कपाळाला हात लावून शेवटपर्यंत ऐकत होती.

"म्हणजे पाच महिने तुम्ही या झाडाला खारं पाणी पाजलंत," ती म्हणाली. "टॉवेलाला मानवतं ते झाडाला मानवत नाही हो. त्या मिठाचा क्षार पाण्यात उतरतो आणि मुळाशी साठत जातो. भर समुद्रात माणूस तहानेनं मरतो, तसं झालंय याचं. मुळं पाण्यात बसून कोरडी पडली, आणि पानं सुकलेली बघून तुम्ही आणखी तेच ओतलंत."

कडकरावाच्या तोंडचं पाणी पळालं. "मी सगळ्यात चांगलं दिलं होतं," तो हळूच म्हणाला.

नर्सरीवालीनं एका पानावरून बोट फिरवलं. तिचा आवाज जरा खाली आला. "ते दिसतंय. धुळीचा कण नाही पानावर. रोज पुसत होतात ना? कात्री घ्या, तुमचा पेशंट तुम्हीच कापायचा."

झाड कुंडीतून बाहेर काढलं. पिंपातल्या पावसाच्या पाण्यानं मुळं स्वच्छ धुतली. मग तिनं कात्री स्पिरिटनं पुसून त्याच्या हातात दिली आणि मूळ कसं तपासायचं ते दाखवलं. मूळ चिमटीत धरायचं, अंगठा आणि बोटात, आणि अलगद दाबायचं. टणक लागलं तर जिवंत. साल निसटून आत नुसता दोरा लागला तर मेलेलं, कापून टाकायचं. कडकरावानं पहिलं मूळ चिमटीत धरलं आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. पुढचं तिला काही सांगावं लागलं नाही. मूठभर मुळांतली तीन धड निघाली.

"आता मोठी कुंडी द्या, ऐसपैस बसेल," तो म्हणाला.

"तीन मुळांना ऐसपैस काय करायचंय? बाळाला बापाचा बूट घालता का? मोठ्या कुंडीत ओल तुंबते आणि उरलंसुरलं कुजतं." तिनं पेल्याहून थोडी मोठी, पारदर्शक प्लॅस्टिकची, बुडाला भोकं असलेली कुंडी काढली. कापलेल्या जागा दुपारपर्यंत वाऱ्यावर सुकू दिल्या. मग रात्रभर भिजवलेले सालीचे नवे तुकडे भोवतीनं भरले, वर चिमूटभर शेवाळ ठेवलं आणि झाड हलू नये म्हणून काडीचा आधार बांधला. दोन दिवस पाणी नाही. नंतर वाडग्यात पाणी घेऊन कुंडी त्यात पंधरा मिनिटं बसवायची, आणि उचलली की शेवटचा थेंब गळेपर्यंत निथळू द्यायची. पानांच्या मध्यात पाणी साचू द्यायचं नाही. खत तर नवं मूळ येईपर्यंत दाखवायचंसुद्धा नाही.

"आणि पाणी पावसाचं, नाहीतर शुद्ध. इस्त्रीत कुठलं घालता?"

"डब्यातलं शुद्ध. मऊ पाण्यानं इस्त्री आतून खराब होते."

"म्हणजे इस्त्रीची काळजी कळत होती तुम्हाला," ती म्हणाली. कडकरावानं कुंडी जवळ ओढली. मग त्यानं विचारलं, "किती दिवसांनी द्यायचं?"

"दिवस मोजू नका. कुंडी उचलून बघा. जड लागली, मुळं हिरवी दिसली, तर थांबा. हलकी लागली, मुळं चंदेरी झाली, तर द्या. झाड काही बोलत नाही, त्याला आधी विचारावं लागतं."

असलंच वाक्य कडकरावानं आधी ऐकलं होतं, कापडाबद्दल.

येताना त्यानं तिच्याकडून दुसरं जांभळं ऑर्किडही घेतलं, सहा तुकतुकीत पानांचं. बायकोला तसं कबूल केलं होतं. आता घरच्या मागच्या खिडकीत दोन झाडं आली, एक धट्टंकट्टं आणि एक मरणाच्या दारातलं. ऊन थेट लागू नये म्हणून त्यानं खिडकीला पातळ मलमल लावली. कुंड्यांखाली ताटलीत खडे आणि पाणी ठेवलं, म्हणजे हवेत ओल राहील. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी तो छोटी कुंडी तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "थांब." मग एखाद्या दिवशी, "घे."

"बाळंतिणीचं नाही केलंत एवढं," बायको म्हणाली. पण वाडग्यातलं पाणी गार असलं तर ते आधी खोलीत ठेवून कोमट होऊ द्यायला हवं, हे तिनंच शोधून काढलं, आणि रोज आदल्या संध्याकाळी तीच ते भरून ठेवायला लागली.

पहिल्या महिन्यात आणखी दोन पानं गेली. त्यातलं एक सगळ्यात खालचं, टोकाला करपल्याचा डाग असलेलं. ते पान हातात घेऊन तो बराच वेळ बसला. हे बाईंचंच झाड आहे, याची तेवढी एकच खूण होती, तीही गळली. उरली दोन पानं, सुरकुतलेली. बाईंचा फोन आला तेव्हा ‘मजेत’ म्हणताना त्याचा आवाज असा काही झाला की बाईंनी विचारलं, "सर्दी झाली का रे?"

सात आठवड्यांनी एका सकाळी तो दुकानात इस्त्री करत असताना बायको धापा टाकत काउंटरपाशी आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं, संपलं सगळं. त्यानं इस्त्री उभी केली, तेवढं तो घर जळत असलं तरी विसरणार नाही, आणि तिच्यामागून धावला. खिडकीपाशी तिनं बोट दाखवलं. दोन पानांच्या बुडाशी मुगाएवढं हिरवंगार टोक बाहेर आलं होतं. नवं मूळ. दोघं नवराबायको वाकून त्या मुगाकडे बघत उभे राहिले, आणि बायकोनं पदराला, चुकून खिडकीच्या मलमलीला, मग परत पदराला हात पुसला. त्या दिवसापासून तिनं दुसऱ्या झाडाचं नाव काढलं नाही. निदान बाई यायच्या दिवसापर्यंत तरी नाही.

मूळ वाढत सालीत शिरलं, मागून दुसरं आलं. नवव्या आठवड्यात त्यानं पान चिमटीत धरलं तर ते टणक लागलं. सुरकुत्या पूर्ण गेल्या नव्हत्या, पण पान आता लोंबत नव्हतं. अकराव्या आठवड्यात मधून नखाएवढं कोवळं पान डोकावलं. आणि त्याच आठवड्यात निरोप आला, बाई घरी आल्या.

भेटायला निघायच्या सकाळी टेबलावर दोन्ही झाडं होती. नव्याला तोवर फुलांचा दांडा येऊन पाच जांभळी फुलं लागली होती. जुनं त्याच्या शेजारी लग्नघरात चुकून शिरलेल्या भिकाऱ्यासारखं दिसत होतं.

"अहो, माझं ऐका," बायको म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला दुखवू नका. हे फुलांचं न्या. जुनं आपण घरी सांभाळू, त्याला काही टाकून नाही देत."

कडकरावानं छोटी कुंडी तळहातावर तोलली. "आज थांब. उद्या पाणी," तो सवयीनं पुटपुटला. मग बायकोकडे वळला. एवढं सलग तो एरवी पाण्याबद्दलच बोलायचा.

"मी शाल जाळली, ती बाईंनी आपल्या अंगावर घेतली. अर्धा तास शिव्या खाल्ल्या. आणि मी त्यांचं झाड वाळवून दुसरं नेऊन देऊ? अगं, त्या दिवशी त्यांनी मला काढलं असतं, तर आपलं लग्नसुद्धा झालं नसतं. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे आहे, आणि एवढंसुद्धा मी त्यांना कधी तोंडानं सांगितलेलं नाही."

त्यानं जुनं झाड अभ्र्यात गुंडाळलं. बायको आत जाऊन मोठी कापडी पिशवी घेऊन आली आणि फुलांचं झाड तिनं पिशवीत घातलं. "तुम्ही तुमचं घ्या, मी माझं घेते," म्हणाली. "बाहेर चपलांपाशी ठेवीन. लागलं तर लागलं."

बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. गुडघा पट्ट्यात, पण चेहरा टवटवीत. कडकराव दारातून आत आला तसं त्या म्हणाल्या, "शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलंस."

पिशवी चपलांपाशी ठेवून आत येणारी बायको उंबऱ्यातच थबकली.

"तिथे मोतीबिंदूही काढायला लावले पोरीनं," बाई म्हणाल्या. "भिंतीवरची मुंगी दिसते आता. बस. आणि ते अभ्र्यात काय लपवलंयस?"

कडकरावानं अभ्रा सोडला आणि दोन पानांचं झाड बाईंच्या मांडीवर ठेवलं. मग शंभर गुलाबी चादरींची हकिगत सांगितली होती तशी, उभ्या उभ्या, एका दमात सगळी सांगून टाकली. मऊ पाणी, पाच महिने, गळालेली पानं, डाग असलेलं पान, फोनवरचं खोटं. "झाड मजेत नव्हतं, बाई. मीच आपला ‘मजेत आहे’ म्हणत होतो."

बाईंनी झाड खिडकीच्या उजेडात फिरवून बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. कडकरावाला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. "माझी टाकी," त्या कशाबशा म्हणाल्या. "मीच ती विकत आणली, आणि दुनियेला तिचं कौतुक सांगत फिरले. मी दुकानातच राहत असते, तर मीही हेच केलं असतं रे."

"आणखी एक राहिलंय," कडकराव म्हणाला. "त्या शालीचं. मी जाळली आणि तुम्ही स्वतःवर घेतलीत. अठ्ठावीस वर्षं झाली, मी कधी आभार मानले नाहीत. आज मानतो."

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुठली शाल?"

"रेशमी. एका गिऱ्हाइकाच्या आईची. काठावर डाग पडला."

बाईंनी खूप आठवून बघितलं आणि मान हलवली. "नाही बाबा. काही आठवत नाही."

कडकराव खाली बसला. ज्या अर्ध्या तासावर त्यानं अख्खं आयुष्य उभं केलं, तो बाईंना आठवतसुद्धा नव्हता. त्यांच्या लेखी ते कामाच्या दिवसातलं एक काम होतं, केलं आणि विसरल्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

बाईंनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "दुसरं आणून देण्याचं मनात आलं नाही?"

नवऱ्यानं खाली बघितलं, बायकोनं छताकडे.

"आलं होतं," ती म्हणाली. "माझ्या. आणलंही. बाहेर चपलांपाशी आहे. पण हे काही ऐकेनात. आणि आता तर डागाचं पानही गळलंय, हे तुमचंच आहे हे तुम्हाला पटायचं कसं?"

"अगं, हे दुसरं असतं तर चांगलं पाच-सहा पानांचं असतं," बाई म्हणाल्या. "दोन पानांचं कोण विकत आणतं? एवढं वाईट दिसतंय, म्हणजे माझंच आहे. जा, ते बाहेरचं आत आण."

फुलांचं झाड बाईंच्या खिडकीत गेलं. "मी अठ्ठ्याहत्तरची," बाई म्हणाल्या. "मला आज फुलं बघायला हवीत. हे दोन पानांचं तू तुझ्याकडे ठेव, त्याला आता तुझा हात कळलाय." आणि परत द्यायच्या आधी त्यांनी ती छोटी कुंडी तळहातावर घेतली. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पान धरलं. क्षणभर डोळे मिटले.

कडकरावानं आपला अंदाज सकाळीच धरून ठेवला होता.

"थांब," बाई म्हणाल्या. "पाणी उद्या दे."

कडकरावानं बायकोकडे बघितलं. तिनं सकाळी त्याचं ‘आज थांब’ ऐकलं होतं. तिनं मान डोलावली, बाईंकडून कुंडी घेतली आणि अभ्र्यात परत नीट गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिली.